छत्तीस भोकांची चकती

विमला पिस्से ही माझी आत्या. वडील तिला अक्का म्हणत, म्हणून आम्ही मुलंही अक्काच म्हणायला लागलो आणि पुढे तेच राहिलं. बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये आमचं शिंप्याचं घर. पुढच्या खोलीत आजोबांची चार शिलाई मशिनं आणि मागे आम्ही सगळे. अक्काला कापडात कधीच रस नव्हता. मशीनच्या पोटात काय असतं, तेवढंच तिला बघायचं असे. बाराव्या वर्षी एका दुपारी तिनं आजोबांचं सगळ्यात जुनं मशीन उघडून त्याचा एकेक भाग वर्तमानपत्रावर मांडला होता. आजोबा आले, फूटपट्टी घेऊन मारायला उठले. "थांबा अप्पा, लावते," म्हणाली, आणि खरंच सगळं परत लावलं. आजोबांनी मशीनवर बसून एक बाही शिवून पाहिली.

"आवाज कमी झाला की गं," एवढंच बोलले. त्यानंतर घरातल्या मशीनला बाहेरचा माणूस लागला नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती घड्याळांच्या कारखान्यात लागली. लांबलचक हॉल, पांढरे कोट, आणि एका टेबलाला चौघी. डोळ्याला भिंग लावून, चिमट्यानं, केसासारख्या बारीक स्प्रिंगा बसवायचं काम. तिच्या टेबलावर होत्या नयना, जयलक्ष्मी आणि फिलोमिना. नयना आमच्यासारखीच मराठी बोलणारी, कब्बनपेटेच्या रंगाऱ्यांची मुलगी. जयलक्ष्मी राजाजीनगरची, सोवळ्यातली, कांदा-लसूण न खाणारी. फिलोमिना कूक टाऊनची, तमिळ बोलणारी, रविवारी चर्चमध्ये गाणारी. टेबलावरची भाषा कन्नड, पण शिव्या मराठीतून आणि हिशेब तमिळमधून. अठ्ठावीस वर्षं चौघींनी एका टेबलावर काम केलं आणि एकमेकींचे डबे खाल्ले. जयलक्ष्मीचा डबा सगळ्या खात, ती मात्र कुणाचा खात नसे. फक्त लोणचं चालायचं.

त्र्याण्णवच्या सुमारास कारखान्यानं लोकांना स्वतःहून निवृत्ती घ्यायला सांगितलं. वर्षाच्या आत चौघीही बाहेर पडल्या. नयना नातवंडांत रमली, जयलक्ष्मी देवळात, फिलोमिना चर्चमध्ये. अक्कानं लग्न केलं नव्हतं. नातेवाईक म्हणाले, आता काशीला जाऊन ये. तिनं पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत अर्धी शेड भाड्यानं घेतली आणि एक जुना लेथ आणून बसवला.

पीण्यात तेव्हा बाया होत्या, पण पॅकिंगला. लेथवर बाई कुणी पाहिली नव्हती. काम घेऊन येणारा माणूस दारात उभा राहून विचारायचा, "मालक कुठायत?"

"लेथवर आहेत," म्हणून अक्का पदर खोचून लेथ सुरू करायची.

पितळेची छोटी कामं ती करायची. पण नाव झालं ते शेवयांच्या सोऱ्याच्या चकत्यांमुळे. आमच्याकडे घरोघरी तांदळाची शाविगे करतात. बाजारातल्या चकतीतून ती तुटक यायची, अक्काच्या चकतीतून सरळ, एकसारखी आणि वीतभर लांब. दावणगिरीपासून बायका निरोप पाठवायच्या.

शहाण्णवच्या जुलैत एका बुधवारी तिच्या शेडसमोर पांढरी गाडी थांबली. आतून उतरले शेषगिरी, एम. जी. रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलातले यंत्रांचे प्रमुख, आणि त्यांच्या मागून एक उंच, लालबुंद, घामानं निथळणारा परदेशी माणूस. हा रेन्झो, हॉटेलनं इटलीहून आणलेला मुख्य आचारी. त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली एक चकती होती, मधून तडकलेली.

शेषगिरींनी सांगितलं ते असं. हॉटेलात नवं इटालियन रेस्टॉरंट उघडणार होतं, अकरा दिवसांनी, रविवारी दुपारी. मंत्री, कारखानदार, परदेशी पाहुणे, सगळ्यांना आमंत्रणं गेली होती. पहिल्या दिवसाचा मुख्य पदार्थ म्हणजे रेन्झोच्या आईच्या गावचा पास्ता, बोटाच्या पेराएवढ्या पोकळ नळ्या. त्या ज्या चकतीतून निघतात ती धुताना हातातून निसटून फरशीवर पडली होती. इटलीहून दुसरी यायला दोन महिने. पीण्यातल्या सहा वर्कशॉपनी नाही म्हटलं होतं, आणि सातव्यानं सांगितलं होतं, त्या शाविगेवाल्या बाईंकडे जा.

अक्कानं चकती उजेडात धरली. छत्तीस भोकं, आणि प्रत्येक भोकाच्या मधोमध एक पितळेची काडी, मागून तीन बारीक पायांवर उभी. पीठ दाबलं की ते काडीभोवतीनं बाहेर येणार, म्हणून नळी आतून पोकळ.

"कुणी शोधून काढलं हे?" तिनं विचारलं.

"माझ्या आजोबांच्या आजोबांनी नाही," रेन्झो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "पण त्यांच्या शेजाऱ्यानं असेल."

अक्काचं इंग्रजीही तेवढंच मोडकं, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं. "सरी, करते," ती म्हणाली. "पुढच्या बुधवारी या."

बुधवारी नवी चकती तयार होती. हॉटेलच्या भटारखान्यात ती यंत्राला लावली, पीठ घातलं, बटण दाबलं. नळ्या आल्या. पोकळ आल्या. पण एकूण एक नळी केळ्यासारखी वाकडी, कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे. रेन्झोनं डोक्यावरची टोपी काढली आणि खुर्चीत बसला.

अक्कानं एक नळी ब्लेडनं आडवी कापली आणि खिडकीशी नेऊन पाहिली. नळीची एक बाजू जाड होती, दुसरी पातळ. काडी भोकाच्या अगदी मध्यावर नव्हती. फरक केसाच्या निम्म्याइतका, पण तेवढ्यानं एका बाजूनं पीठ लवकर पळत होतं आणि नळी वळत होती. पीण्यातल्या कुठल्या ड्रिलला याहून बारीक काम जमणार नव्हतं. एकेक काडी हातानंच मध्यावर आणायला हवी होती. छत्तीस काड्या, आणि हातात उरले तीन दिवस.

ती चकती पिशवीत घालून बाहेर आली आणि कोपऱ्यावरच्या फोन बूथमध्ये शिरली.

"फिलोमिना? उद्या सकाळी आठला पीण्याला ये. भिंग आण."

"भिंग? कशाला?"

"काम आहे."

नयनाला फोन केला तर नातवाला ताप होता. "सूनबाई आहे ना घरात?" अक्का म्हणाली. जयलक्ष्मी म्हणाली, गुरुवारी माझा उपास असतो. "मग डबा करायचा वेळ वाचला तुझा. लवकर ये."

गुरुवारी आठच्या आधी तिघी बसमधून उतरल्या. अक्कानं लेथ बंद ठेवला होता, टेबल पुसून त्यावर पांढरं कापड अंथरलं होतं आणि चार खुर्च्या मांडल्या होत्या. तिघी आपापल्या जुन्या जागी बसल्या, नयना डावीकडे, फिलोमिना समोर. जयलक्ष्मीनं पदर कमरेला खोचला, डोळ्याला भिंग लावलं आणि दोन्ही हात पुढे धरून पाहिले. हात हलत नव्हते.

"स्वल्प भीती वाटत होती मला," ती म्हणाली.

प्रत्येकीच्या वाट्याला नऊ काड्या. बारीक हातोडीनं काडीला एक टिचकी मारायची, भिंगातून बघायचं, दुसऱ्या बाजूनं अर्धी टिचकी. जास्त मारली तर काडीचा पाय मोडणार. गुरुवार गेला, शुक्रवारही गेला. शेजारच्या शेडमधली माणसं दारात येऊन उभी राहायची आणि आपोआप हळू बोलायला लागायची.

शनिवारी सकाळी चौघी हॉटेलात गेल्या. यंत्र सुरू झालं, आणि नळ्या सरळ उतरू लागल्या. रेन्झोनं एक उचलली, तिच्यातून खिडकीकडे बघितलं, दुसरी उचलली, तिच्यातून शेषगिरींकडे बघितलं, आणि आपल्या भाषेत काहीतरी मोठ्यानं ओरडून अक्काचे दोन्ही हात धरले.

"उद्या दुपारी तुम्ही माझ्या पाहुण्या," तो म्हणाला. "सगळ्यात चांगलं टेबल."

"मी एकटी नाही. आम्ही चौघी आहोत."

"चौघी!" तो म्हणाला. "अर्थात चौघी."

रविवारी त्या ऑटोतून उतरल्या तेव्हा दरवानानं दार उघडलं खरं, पण आत यादी घेऊन उभ्या असलेल्या सुटाबुटातल्या माणसानं अक्काची सुती साडी पाहिली, जयलक्ष्मीची नऊवारीच्या थाटात नेसलेली मडिसार पाहिली, फिलोमिनाचा निळा फ्रॉक पाहिला आणि अदबीनं सांगितलं, "अम्मा, कॉफी शॉप खालच्या मजल्यावर आहे."

"आमचं नाव आहे यादीत. पिस्से."

त्यानं बोट फिरवलं. "मिस्टर व्ही. पिस्से आणि तीन पाहुणे. मिस्टर पिस्से मागून येतायत का?"

"मिस्टर पिस्से आमचे वडील. ते बहात्तर साली वारले. मी विमला पिस्से."

तो माणूस कानापर्यंत लाल झाला, आणि त्यानं स्वतः त्यांना खिडकीजवळच्या टेबलाशी नेलं. टेबलावर चौघींसाठी मिळून बारा काटे आणि आठ ग्लास. नयनानं मोजले. मेनू उघडला तर अक्षरं ओळखीची आणि शब्द एकही नाही. मैसूरकडचा वेटर होता, त्याला जयलक्ष्मीनं कन्नडमधून गाठलं.

"यात कांदा-लसूण नसलेलं काय आहे?"

वेटर घुटमळला. "अम्मा, पाणी आहे."

फिलोमिना इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. वेटर आत गेला, आणि बाहेर आला तो स्वतः रेन्झो. त्यानं जयलक्ष्मीसमोर थोडं वाकून सांगितलं, की तुमच्यासाठी वेगळ्या भांड्यात वेगळा रस्सा, टोमॅटो आणि ती हिरवी पानं, बस्स. पानं त्यानं हुंगायला दिली.

"ही तुळशीचीच बहीण," जयलक्ष्मी म्हणाली. "देवाची तुळस रश्श्यात घालतात यांच्यात?"

"तिच्या बहिणीला घालतात," अक्का म्हणाली. "तुळशीला नाही. खा."

आधी पाव आला, सोबत वाटीत तेल. नयनाला ते तेल डोक्याला लावायचं वाटलं, पण मिठाबरोबर बुडवून खाल्ल्यावर तिनं दुसरा तुकडा मागितला. फिलोमिनानं लाल वाइन घेतली. नयनानं तिच्या ग्लासातून घोट घेऊन तोंड वेडंवाकडं केलं. "बाळंतिणीचा काढा," म्हणाली, आणि थोड्या वेळानं आणखी एक घोट घेतला. हॉल भरत चालला होता. कुणी इंग्रजीत बोलत होतं, कुणी आणखी कुठल्या भाषेत, आणि या चौघी आपल्या टेबलावरच्या भाषेत.

मग ताटल्या आल्या. नळ्या, वर लाल रस्सा, वर किसलेलं चीज. जयलक्ष्मीनं मनात देवाचं नाव घेऊन पहिली नळी तोंडात टाकली. "थोडं कच्चं राहिलंय," ती हळूच म्हणाली, "पण छान आहे गं."

अक्का खात नव्हती. ती काट्यानं एकेक नळी रश्श्यातून बाहेर काढून ताटलीच्या कडेला ओळीत मांडत होती. बावीस नळ्या मांडून झाल्यावर ती थांबली.

"ही वाकडी आहे."

"विमला, जेव गं मुकाट्यानं," नयना म्हणाली.

"तुझ्या ताटलीतही एक आहे बघ."

"असेल. छत्तीसात एक. या शेकडो लोकांत कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना."

अठ्ठावीस वर्षांत किती तरी घड्याळं त्यांनी अशीच परत उघडली होती, बाहेरून चालत असलेली, केवळ कुणाच्या तरी कानाला काहीतरी वेगळं लागलं म्हणून. फिलोमिनानं ग्लास खाली ठेवला, पर्स उघडली आणि भिंग बाहेर काढलं. "कुणाच्या नऊमधली आहे?" तिनं विचारलं. तिघींनाही आपलीच वाटत होती, आणि अक्का तिघींकडे बघत होती.

चौघी उठल्या आणि सरळ भटारखान्यात शिरल्या. आत दहा-बारा आचारी, धूर, आरडाओरडा. रेन्झोनं त्यांना पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. "जेवण आवडलं नाही?"

"जेवण चांगलं आहे. चकती बरोबर नाही," अक्का म्हणाली. "पाच मिनिटं यंत्र द्या."

"सिन्योरा, चकती उत्तम आहे!"

"एक काडी सरकली आहे."

रेन्झोनं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. दुसरी पंगत अजून बाकी होती. त्यानं मान हलवली. यंत्रात पीठ होतंच. बटण दाबलं, छत्तीस नळ्या एकदम खाली येऊ लागल्या, आणि त्यातली एक, खालून दुसऱ्या ओळीतली, हलकेच डावीकडे वळली. अक्कानं त्या भोकावर बोट ठेवलं. यंत्र थांबलं, चकती निघाली, धुतली गेली. मागच्या बाजूला कुणी कुठल्या काड्या बसवल्या त्याच्या खुणा चौघींनी पेन्सिलीनं केल्या होत्या. पेन्सिल पुसट झाली होती, पण फिलोमिनाला भिंगातून वाचता आली.

"व्ही," ती म्हणाली. "विमला, तुझीच."

अक्का स्वतःच मोठ्यानं हसली. "मेली माझीच! आणि मी तुमच्याकडे संशयानं बघत होते!"

"मी करते," जयलक्ष्मी म्हणाली. तिचा हात चौघींत सगळ्यात स्थिर, हे कारखान्यातही सगळ्यांना माहीत होतं. हातोडी नव्हती. तिनं लोण्याच्या सुरीची मूठ घेतली, चकती मांडीवर ठेवली, भिंग लावलं. तिच्याभोवती नयना, अक्का, फिलोमिना वाकल्या, आणि त्यांच्या भोवती सगळा भटारखाना. कुणीतरी गॅसवरचं भांडं उतरवून ठेवलं, आवाज नको म्हणून.

टक.

जयलक्ष्मीनं पाहिलं. मान हलवली. पुन्हा, त्याहून हलकं. टक.

"आता लावा."

चकती लागली, बटण दाबलं, आणि छत्तीस नळ्या एका रांगेत सरळ खाली आल्या. एकही वळली नाही. रेन्झोनं पहिल्या मूठभर नळ्या कापून परातीत टाकली, आणि सगळे आचारी पळ्या भांड्यांवर आपटायला लागले. तो गोंगाट बाहेर हॉलमध्ये इतका गेला, की यादीवाला सुटातला माणूस घाबरून आत धावत आला.

पुढचं मला चौघींनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि चौघींचं सांगणं जुळतं, म्हणून ते खरंच असणार. चौघी परत टेबलावर येऊन बसल्या. दुसऱ्या पंगतीत एक वयस्क इटालियन पाहुणे होते, अन्न बनवायची यंत्रं विकणारे. त्यांनी रेन्झोला बोलावून विचारलं, की नळ्या सुरेख आहेत, चकती कुठल्या गावची मागवलीस? रेन्झो आत गेला, दुसरं पीठ लावायला यंत्र थांबलंच होतं, त्यानं चकती काढली, पुसली, पांढऱ्या रुमालावर ठेवून बाहेर आणली आणि हॉलच्या मधोमध उभा राहिला.

"ही पीण्याची आहे," त्यानं मोठ्या आवाजात सांगितलं. "आणि ज्यांनी केली त्या तिथे बसल्या आहेत."

वयस्क पाहुण्यांनी चष्मा बदलून चकती दोन्ही बाजूंनी पाहिली. मग ती रुमालासकट जपून टेबलावर ठेवली, खुर्ची मागे सारून उभे राहिले आणि खिडकीकडे तोंड करून टाळ्या वाजवायला लागले. एकामागून एक सगळा हॉल उभा राहिला. नयनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. फिलोमिनानं उभं राहून सगळ्यांना हात केला, जणू ती रोजच टाळ्या घेते. जयलक्ष्मीनं बसल्या जागेवरून नमस्कार केला.

अक्कालाही काहीतरी बोलणं भाग होतं. ती उठली, आणि आपल्या इंग्रजीत म्हणाली, "थँक्यू. प्लीज खा. थंड झालं तर चांगलं लागत नाही."

त्यांच्या ताटल्या ताज्या भरून आल्या होत्या. आता ती जेवली. पहिल्यांदा नुसती नळी, मग रश्श्याबरोबर, मग चीजबरोबर. चीजचा वास तिला थोडा जास्त झाला, पण तिनं ताटली पावाच्या तुकड्यानं निपटून घेतली. कॉफी पिताना रेन्झो त्यांच्याबरोबर येऊन बसला आणि रुमालावर पेननं चित्रं काढायला लागला. एक शिंपल्यासारखा पास्ता, एक स्क्रूसारखा पिळाचा, एक कानाच्या पाळीसारखा. "हे जमेल?"

चौघींनी रुमाल आपल्याकडे वळवून घेतला.

"हा पिळाचा अवघड आहे," नयना म्हणाली.

"म्हणूनच तो आधी," जयलक्ष्मी म्हणाली. "सोमवारी नवाला येते मी. गुरुवार सोडून कुठलाही वार चालेल."

"गुरुवारीसुद्धा आलीस ना परवा?" अक्का म्हणाली.

"बरं, गुरुवारीसुद्धा."

ती पुढे आठ वर्षं येत राहिली. तिघी येत राहिल्या. चकत्या मद्रासला गेल्या, गोव्याला गेल्या, एकदा कोलंबोला. दोन महिन्यांनी इटलीची नवी चकती हॉटेलात आली, पण रेन्झोनं ती खोक्यातून काढलीच नाही. पीण्यात "मालक कुठायत" विचारणारं कुणी राहिलं नाही. रस्त्याच्या तोंडाशी नुसतं "चौघींची शेड" म्हटलं तरी लोक हात करून दाखवायचे. घड्याळांवर कारखान्याचं नाव असायचं, या बायकांचं कधीच नव्हतं. आता प्रत्येक चकतीच्या कडेला अक्का चार अक्षरं कोरायची, चौघींच्या नावांची.

नव्व्याण्णवमध्ये रेन्झो कायमचा परत निघाला. विमानतळावर जायच्या आधी तो सुटकेस घेऊन शेडवर आला. त्याला आईच्या गावासाठी एक चकती हवी होती, छत्तीस भोकांची. शेडमधल्या वजनकाट्यावर सुटकेस ठेवली तर वजन जास्त भरलं. तो खाली बसला, दोन जोडी बूट काढून बाजूला ठेवले आणि चकती कपड्यांच्या मधोमध, सगळ्यात मऊ स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवली. बूट बरेच दिवस कोपऱ्यात होते. शेवटी शेषगिरींच्या पायात बरोबर बसले.